स्नीकरच्या कामासाठी मुदत ठेव मोडू का?

प्रश्न: मी २७ वर्षांचा, पुण्यात धायरीला राहतो. एका वाहतूक कंपनीच्या हिशेब विभागात आहे, हातात महिना ३१ हजार येतात. वर्षभरापासून घरी स्वतःचे आणि मित्रांचे जुने स्नीकर स्वच्छ करतो. गेल्या चार महिन्यांत २३ जोड केले. नुसत्या स्वच्छतेचे ३५० रुपये घेतो. पिवळा पडलेला सोल उजळणं, सुटलेला सोल चिकटवणं, रंग देणं असं पूर्ण काम असेल तर १२०० घेतो. सिंहगड रस्त्याला गाळा मिळतोय, भाडं १४ हजार, अनामत ७५ हजार. यंत्रांचे ६५ हजार, सजावट आणि इतर खर्च धरून २ लाख १० हजार लागतील. माझी २ लाख ४० हजारांची मुदत ठेव आहे, ती मोडून दिवाळीनंतर नोकरी सोडायचा विचार आहे. मालकाला महिनाअखेर दहा हजार टोकन हवंय. बाबा एसटीतून निवृत्त झालेत, त्यांना मधुमेह आहे. त्यांना हे अजिबात पटत नाही. काय करू?

उत्तर: तुम्ही पाठवलेले फोटो मी दोनदा पाहिले. पांढऱ्या चामड्यावरची काळी रेघ, टाचेजवळचा मळ, जाळीत बसलेली लाल माती, सगळं निघालंय आणि कुठेही कापड फुलारलेलं नाही. हात चांगला आहे तुमचा. त्यामुळे काम जमेल का, हा प्रश्न माझ्यासमोर नाही. गाळा, यंत्रं आणि नोकरी सोडणं या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात कराव्यात का, एवढाच प्रश्न आहे. त्याचं माझं उत्तर नाही असं आहे. काम मात्र सोडू नका.

आधी गाळ्याचं गणित मांडू. भाडं १४ हजार, वीज आणि किरकोळ खर्च अडीच हजार. नोकरी सुटली की ३१ हजार पगार थांबेल, शिवाय कंपनी भरत असलेला भविष्य निर्वाह निधीचा वाटा आणि आरोग्य विमा जाईल. त्यांचे मी साडेतीन हजार धरतो. म्हणजे आजच्या इतकंच पदरात पडायला महिन्याला ५१ हजार सुटले पाहिजेत. साबण, पाणी, नवी नाडी, पिशवी यांचे ४० रुपये वजा केले तर एका जोडामागे ३१० उरतात. ५१ हजारांना ३१० ने भागा, १६५ जोड येतात. पंचवीस दिवस काम केलं तर रोज साडेसहा.

साडेसहा जोड धुणं अवघड नाही. पण तुमच्याकडे आज महिन्याला सहासुद्धा येत नाहीत. चार महिन्यांत २३ म्हणजे सरासरी पावणेसहा. गाळ्याला लागणारी गिऱ्हाइकी याच्या जवळजवळ २९ पट आहे, आणि आलेल्यांतले बहुतेक तुमचे मित्र आहेत. गाळ्याच्या पाटीने गिऱ्हाईक वाढेल हे खरं, नऱ्हे-वडगावच्या कॉलेजांची मुलं त्याच रस्त्याने जातात. पण किती वाढेल हे कळायच्या आधीच पहिल्या तारखेला भाडं द्यावं लागेल.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य घेतो: ‘खरी कमाई पूर्ण दुरुस्तीत आहे.’ मलाही वाचताना तसंच वाटलं, म्हणून कागदावर मांडून पाहिलं. साध्या स्वच्छतेला तुमच्या म्हणण्याप्रमाणे पन्नास मिनिटं लागतात, म्हणजे तासाला ३७२ रुपये. पूर्ण दुरुस्तीत १२०० तून गोंद, रंग आणि रसायनांचे १८० गेले की १०२० उरतात. हाताचं काम साडेतीन तासांचं, म्हणजे तासाला २९१. मोठी रक्कम एकदम हातात येते म्हणून ती जास्त वाटते. आता समजा, वीस जोडांमागे एक बिघडला आणि तुम्हाला गिऱ्हाइकाचे आठ हजार भरून द्यावे लागले. मग प्रत्येक जोडामागे ४०० चा बोजा पडतो आणि तासाची कमाई १७७ वर येते. तुमचा आजचा पगार तासाला साधारण १५० पडतो, तोही बिनधोक.

बिघडतात का, तर बिघडतात, आणि चूक दरवेळी तुमची नसते. पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा मिडसोल, म्हणजे तळव्याखालचा मधला मऊ थर, हवेतल्या दमटपणाने आतून सडतो. बूट वापरले नाहीत, खोक्यात जपून ठेवले, तरी सडतो. माझ्याच घरात हे घडलंय. लग्नासाठी जपलेला एक जोड तीन वर्षांनी बाहेर काढला आणि मांडवात पोहोचेपर्यंत सोलचा भुगा झाला होता. अशा सोलला गोंद धरत नाही, कारण धरायला घट्ट काही उरलेलंच नसतं. जोड हातात घेतला की अंगठ्याने मिडसोल दाबून बघा. बारीक चिरा दिसल्या किंवा चिकट भुकटी हाताला लागली, तर तो जोड तिथेच परत करा. ईव्हीए या दुसऱ्या फोमचा सोल असा विरघळत नाही, तो दबून बसतो. हा फरक ओळखता येणं तुमच्या धंद्यात फार मोलाचं आहे.

पिवळेपणाचंही तसंच. ऊन आणि हवेमुळे रबर-फोमचा रंग आतूनच बदलतो, तो घासून निघत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम लावून, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून उन्हात ठेवलं की तो उजळतो. मात्र क्रीम एका बाजूला सुकली तर चट्टे पडतात, आणि काही महिन्यांनी पिवळेपणा हळूहळू परततो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा आणि लेखी सांगा. पिवळेपणा घालवायला ब्लीच तर अजिबात वापरू नका, पांढरं रबर आणि कृत्रिम कापड त्याने आणखी पिवळं पडतं. ही क्रीम कातडीला भाजते, हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

सुटलेल्या सोलला फेविक्विक लावून आणणारी गिऱ्हाइकं तुम्हाला भेटली असतील. ते वाळल्यावर कडक होतं आणि चालताना जिथे बूट वाकतो तिथे तुटतं, वर जुना थर खरवडायचं काम तुमच्या गळ्यात पडतं. त्याऐवजी संपर्क-गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, किंचित चिकट होईपर्यंत थांबायचं, मग दाबून एक दिवस बांधून ठेवायचं. गोंदाने न भागण्याइतका सुटलेला सोल शिवायलाच लागतो, आणि ते काम तुमच्या चौकातल्या गटई कारागिराचं आहे. मेणाचा दोरा आणि आर घेऊन तो जे वीस मिनिटांत करेल, ते शिकण्यात तुमचं वर्ष जाईल. त्याच्याशी जोडामागे दर ठरवा आणि त्याने मागितलेले पैसे घासाघीस न करता द्या. त्याच्याकडे येणाऱ्या माणसांना तुमचं नाव सांगणारा तोच आहे.

म्हणून माझा पर्याय असा. काम घरीच करा, नोकरी सांभाळून, आणि पहिले सहा महिने मुख्यतः स्वच्छतेचं. दुरुस्तीचे जोड महिन्याला चार-पाचच घ्या, तेही पंधराशे रुपयांनी.

सामानाला १२ हजार पुरतील, ते दोन महिन्यांच्या पगारातून काढा. मऊ, मध्यम आणि कडक असे तीन ब्रश, स्वेडसाठी (मखमली चामड्यासाठी) वेगळा ब्रश आणि खोडरबर, मायक्रोफायबरची फडकी, सौम्य साबण, गोंद, हातमोजे, लोखंडी मांडणी आणि एक उभा पंखा. तुमच्या यादीतली अतिनील दिव्यांची पेटी आणि वाफेचं यंत्र आज नको. धायरीत टँकरचं पाणी येतं असं तुम्ही लिहिलंय. जड पाण्याने गडद जाळीवर वाळल्यावर पांढरे डाग उमटतात, तेव्हा शेवटचा हात गाळलेल्या पाण्याच्या फडक्याने फिरवा. पांढरे कॅनव्हास वाळवताना वरून पांढरा टिश्यू गुंडाळा, पिवळसर पाणी तो शोषून घेतो. आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई लागते.

पंख्यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. जून ते सप्टेंबर चिखलाने माखलेले जोड सर्वांत जास्त येतील आणि नेमकं तेव्हाच ऊन नसेल. ओला जोड पिशवीत घालून दिला तर दोन दिवसांत वास मारतो आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. पावसाळ्यात परत द्यायची मुदत चार दिवस सांगा. कितीही घाई असली तरी हीटरसमोर ठेवू नका, गोंद सुटतो.

गिऱ्हाईक कोणतं, हेही ठरवून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग जोडांवर १८ टक्के, म्हणजे स्वस्त जोड नवा घेणं तुलनेने सोपं. हजार-दीड हजाराचा बूट घालणारा तुम्हाला पंधराशे देऊन दुरुस्ती करून घेणार नाही, तो नवा घेईल आणि ते बरोबरच आहे. त्याला ३५० च्या स्वच्छतेपलीकडे काही सुचवू नका. ज्याचा जोड सहा हजारांच्या वरचा आहे, त्याच्यासाठीच दुरुस्ती.

जोड घेताना सहा बाजूंनी फोटो काढा, आधीच्या खुणा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, आणि नुकसान झालं तर जास्तीत जास्त किती भरून द्याल ते त्यातच लिहा. गिऱ्हाइकाचं ‘हो’ आल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. मित्रांनाही हाच नियम. भिडेपोटी २०० रुपयांत केलेला प्रत्येक जोड तुमच्या हिशेबात तोटा आहे.

आता मुदत ठेव. तुमच्या घराचा खर्च महिना २६ हजार. सहा महिन्यांचे १ लाख ५६ हजार होतात, आणि ते घराचे आहेत, धंद्याचे नाहीत. बाबांची तब्येत पाहता ठेवीतले उरलेले ८४ हजारही मी इतक्यात हलवणार नाही. मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात, पण मला काळजी त्या दंडाची नाही. ठेव गेली आणि तिसऱ्या महिन्यात बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं तर काय, याची आहे. कंपनीच्या गट विम्यात ते आहेत असं तुम्ही लिहिलंय. राजीनामा दिला की तो विमा जाईल. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतंत्र पॉलिसी आज, नोकरीत असतानाच घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावर आता जीएसटी लागत नाही, त्यामुळे हप्ता पूर्वीपेक्षा हलका पडेल.

महिन्याला ४० जोड, म्हणजे शनिवार-रविवार आणि दोन-तीन संध्याकाळी मिळून ३३ तास. त्यातून १२,४०० सुटतील. ते वेगळ्या खात्यात ठेवले तर सहा महिन्यांत ७४,४०० होतात. तुमच्या गाळ्याची अनामत जवळपास तेवढीच आहे. ती बुटांनीच कमावलेली असेल आणि ठेव जिथल्या तिथे राहील. तीन महिने सलग ४० जोड आले आणि त्यांतले निम्मे अनोळखी लोकांचे असले, तर गाळ्याचा विचार मी स्वतः तुमच्यासोबत बसून करेन.

दोन लहान गोष्टी. नियुक्तिपत्रात जोडधंद्याला मनाई आहे का ते वाचा. आणि ही कमाई व्यवसायाचं उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, लहान व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मात्र मोफत आहे, करून टाका. पुढे गाळा घ्यायची वेळ आली तर लहान धंद्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, आणि तेव्हा बँकेला दाखवायला तुमच्याकडे खात्यावरची जमा असेल.

बाबांना काय पटत नाही, बूट धुण्याचं काम की ठेव मोडणं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आज रात्री विचारा. दुसरं असेल तर मी त्यांच्या बाजूचा आहे. पहिलं असेल तर त्यांचा एखादा जुना जोड आधी करून दाखवा, मग बोला.

गाळामालकाला उद्याच फोन करून ‘आत्ता नको’ असं कळवा. टोकनची पावती अनेकदा ‘परत न करण्याच्या अटीवर’ असते, आणि एकदा दहा हजार अडकले की पुढचे दोन लाख त्यांच्यामागे ओढले जातात.