बाजारात अडणारी गाडी

प्रश्न : माझी 1998 ची पेट्रोल गाडी सकाळी लगेच सुरू होते, पण बाजारातून परत आलो की किल्लीवर नुसता ‘टक्’. अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. बॅटरी नवी आहे.

उत्तर : कृपा करून पुन्हा बॅटरी घेऊ नका! गाडी अडलेली असतानाच तपासा, एरवी काही सापडणार नाही. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. कुणाला तरी किल्ली फिरवू द्या. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) काढून घासा, घट्ट बसवा. रीडिंग नगण्य असेल तर सोलेनॉइडची (स्टार्टर मोटरला वीज जोडणारा स्विच) बारीक वायर बघा. किल्ली फिरवताना तिथे 12 च्या आसपास व्होल्ट येत असतील, तर माझा संशय सोलेनॉइडच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टवर. बरेच कमी येत असतील तर इग्निशन स्विच तपासा.