चपलेच्या एका जोडाचा हिशेब

प्रश्न : आमच्या बीबीएच्या मुलांना कोल्हापुरी चपला करणाऱ्या कारागिरांकडे प्रकल्पासाठी पाठवतो. कारागीर हिशेब दाखवत नाहीत आणि मुलं इन्स्टाग्रामवर पान काढून मोकळी होतात. काय बदलावं?
– एक प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : वही मागूच नका. एक जोड हातात घेऊन ‘याला काय काय लागलं?’ एवढंच विचारायचं. माणूस आपोआप बोलू लागतो. समजा, चामडं 450, रंग-तेल-दोरा 60, चपलेवरची चामड्याची वेणी घालणाऱ्या बाईंची मजुरी 150, झाले 660. व्यापारी देतो 850. फायदा 190 दिसतो, पण कारागिराचे स्वतःचे तीन तास ताशी 60 रुपयांनी धरले की हाती उरतात 10! घरच्यांचे श्रम मुलं हमखास शून्य धरतात, तिथंच हिशेब फसतो. मग उधारी किती दिवसांची, तेही विचारा.

एका कारागिरामागे दोनच मुलं ठेवा, आणि पावसाळा टाळा. चामडं लवकर वाळत नाही, काम रेंगाळतं. इन्स्टाग्रामचं पान कारागिराच्याच मोबाइल नंबरवर काढा, नाहीतर परीक्षा संपली की पासवर्डही मुलाबरोबर गावी जातो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, एजंटाला पैसे नकोत. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल असं संरक्षण, मिळालं. मात्र त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराची नोंद वेगळी करावी लागते. तो अर्ज भरून घेणं हाच चांगला प्रकल्प.