मोबाइल टीव्हीचे प्रोटोकॉल: परत विचारायची सोयच नसेल तेव्हा

तुमचा प्रश्न असा आहे: एका आकृतीत एम-१, एम-२, एसजीएमबी अशी नावं, दुसरीकडे आरटीपी, फ्लूट, एमपीई, यातलं इंटरफेस कोणतं आणि प्रोटोकॉल कोणता? शिवाय इंटरनेटवर व्हिडिओ बघताना जे मजेत चालतं, ते टीव्हीच्या प्रसारणात जसंच्या तसं का वापरत नाहीत?

पहिला भाग लवकर संपतो. इंटरफेस म्हणजे दोन यंत्रांमधली हद्द, आणि प्रोटोकॉल म्हणजे त्या हद्दीवर बोलायची भाषा. एम-१, एम-२, एसजीएमबी या हद्दी; आरटीपी, फ्लूट, एमपीई या भाषा. एलटीईच्या ईएमबीएमएसमध्ये, म्हणजे ४जी नेटवर्कवरून प्रसारण करायच्या पद्धतीत, एम-१ ही गेटवे आणि टॉवर यांच्यातली हद्द. तिथून कार्यक्रमाचा डेटा जीटीपी-यू नावाच्या वेष्टनात गुंडाळून जातो. एम-२ आणि एम-३ वर फक्त सूचनांची देवाणघेवाण होते, तीही एससीटीपी या प्रोटोकॉलवरून. पण एका हद्दीवर एकच भाषा असते असं मात्र धरून चालू नका. याचं उदाहरण पुढे येईलच.

दुसरा भाग खरा मजेदार आहे. टीसीपी म्हणजे इंटरनेटवरचा नेहमीचा प्रोटोकॉल, त्याचा सगळा डोलारा पोचपावतीवर उभा असतो. पाकीट मिळालं का, नाही मिळालं तर परत पाठव. प्रसारण म्हणजे दवंडी. ऐकणारे लाखभर असले, तरी दवंडी पिटणाऱ्याला कुणी काय ऐकलं याचा पत्ता नसतो. म्हणून मी या क्षेत्रातल्या कुठल्याही प्रोटोकॉलकडे एकाच नजरेने बघतो: ग्राहकाच्या फोनने इथे कोणता प्रश्न विचारला असता, आणि त्याचं उत्तर आधीच कुठे ठेवून दिलंय?

डीव्हीबी-एच, म्हणजे फोनसाठीचं डिजिटल टीव्ही प्रसारण घ्या. हे मानक २००४ मध्ये आलं. बाजारात ते टिकलं नाही, पण शिकायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण नाही. फोनचा पहिला प्रश्न: या लहरीवर माझ्यासाठी काही आहे का? उत्तर सिग्नलसोबतच जाणाऱ्या टीपीएस नावाच्या माहिती-बिट्समध्येच असतं, एकही पाकीट उलगडावं लागत नाही. दुसरा प्रश्न: मला अमुक आयपी पत्त्यावरचा कार्यक्रम हवाय, तो ट्रान्सपोर्ट स्ट्रीमच्या (सगळ्या वाहिन्या एकत्र नेणाऱ्या प्रवाहाच्या) कुठल्या पीआयडीवर, म्हणजे पाकिटांच्या ओळख-क्रमांकावर, सापडेल? इंटरनेटवर हे शोधायला राउटर असतात. इथे आयएनटी नावाचा तक्ता सतत फिरत असतो, त्यात पत्ता आणि पीआयडी यांची सांगड दिलेली असते. तिसरा: कार्यक्रमांची यादी कुठेय? त्यासाठी २२४.०.२३.१४ हा मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीचा) पत्ता कायमचा राखून ठेवला आहे, तिथून सुरुवात करायची.

बॅटरीची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. डीव्हीबी-एच एका वाहिनीचा डेटा सलग न पाठवता मोठ्या वेगाने एका झटक्यात पाठवतो, मग त्या वाहिनीपुरती शांतता. तेवढा वेळ फोनने रिसीव्हर बंद ठेवायचा. अनुकूल मांडणीत रिसीव्हरची ९० टक्क्यांच्या आसपास वीज वाचू शकते. पण पुन्हा उठायचं कधी? त्याचं उत्तर प्रत्येक एमपीई सेक्शनच्या (आयपी पाकीट ज्यात भरतात त्या खोक्याच्या) हेडरमध्ये 'डेल्टा-टी' म्हणून असतं: पुढचा झटका आतापासून किती वेळाने, १० मिलिसेकंदांच्या मापात. आणि हे लिहायला जागा कुठून आणली? मॅक पत्त्याच्या सहा बाइट्समधून. दवंडीत एकेकट्याच्या पत्त्याचं काय काम! त्यातले चार बाइट्स मोकळे करून घेतले.

इथे घड्याळातली वेळ न देता 'आतापासून किती' असं का सांगतात, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. मधल्या साखळीत दोन सेकंदांचा उशीर झाला तरी सगळ्याच सेक्शनना तो सारखाच लागतो, म्हणून हिशेब बिघडत नाही. बिघडतो तो कमी-जास्त होणाऱ्या उशिराने. हे सेक्शन बनवणाऱ्या एन्कॅप्स्युलेटरनंतर कुणी री-मल्टिप्लेक्सर (प्रवाह पुन्हा एकत्र मांडणारं यंत्र) घातला आणि तो पाकिटं मागेपुढे सरकवू लागला, की फोन झटका सुरू झाल्यावर जागा होतो आणि चित्र तुटतं. सिग्नल मात्र सगळीकडे उत्तम दिसतो.

फाइली पाठवायला फ्लूट. यात फाइल क्रमांक शून्य म्हणजे एफडीटी, म्हणजे बाकीच्या फाइलींची यादी. सगळं चक्राकार फिरत राहतं, या फेरीत सुटलेलं पुढच्या फेरीत उचलायचं. याच यादीने मला एकदा दोन दिवस रडवलंय. चाचणीतल्या काही फोनवर कार्यक्रमपत्रिका येईचना, शेजारच्या फोनवर सुरळीत. सिग्नल तपासला, एफईसी (चुका दुरुस्त करायला पाठवलेला जादा डेटा) तपासला, काही नाही. शेवटी कळलं, त्या फोनची घड्याळं पुढे होती. एफडीटीत 'ही यादी अमुक वेळेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं, आणि ते मात्र घड्याळातल्या वेळेत. फोन यादी घेत होते, शिळी समजून इमानेइतबारे फेकून देत होते.

आरटीपी, म्हणजे थेट चित्र-आवाज नेणारा प्रोटोकॉल, याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चित्र-आवाज जुळवायला प्रेषकाचे आरटीसीपी (आरटीपीचा जोडीदार) अहवाल जातात, ग्राहकांचे अहवाल एसडीपीमधूनच, म्हणजे सत्राच्या वर्णनातूनच, बंद करतात.

आता मघाचं उदाहरण. ईएमबीएमएसमध्ये अनेक टॉवर एकाच क्षणी अगदी तेच बिट्स फेकतात, म्हणजे फोनला ते एकाच सिग्नलचे प्रतिध्वनी वाटतात. नेहमीच्या मांडणीत यासाठी १६.७ मायक्रोसेकंदांची मोकळीक असते, म्हणजे मार्गांमध्ये साधारण ५ किलोमीटरचा फरक. एलटीई मानकाच्या रिलीज १४ या आवृत्तीत ती २०० मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे ६० किलोमीटरपर्यंत नेली. ही मोकळीक हवेतल्या अंतरासाठी आहे. कोणतं पाकीट कुठल्या क्षणी सोडायचं हे टॉवरना ठरवून द्यावंच लागतं. ते काम 'सिंक' नावाचा प्रोटोकॉल करतो. तो बीएम-एससीपाशी, म्हणजे प्रसारण जिथून निघतं त्या सर्व्हरपाशी, सुरू होतो, टॉवरपाशी संपतो. मधल्या गेटवेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. म्हणजे एम-१ ची हद्द तो ओलांडतो, पण तिचा नाही. त्यात वेळेचा शिक्का तर असतोच, शिवाय आतापर्यंत किती पाकिटं, किती बाइट्स गेले याची मोजदादही असते. एखाद्या टॉवरला काही पाकिटं पोचलीच नाहीत तर या आकड्यांवरून त्याला कळतं की नेमकं कुठे गप्प बसायचं. चुकीच्या क्षणी बोलला तर शेजाऱ्यांचा चांगला सिग्नलही तोच खराब करेल.

एम-१ वर काम करणार असाल तर एक सल्ला. इथे टॉवर आयपी मल्टिकास्ट गटात सामील होतात. मधल्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कोण गटात आहे हे ऐकून तेवढ्यांनाच प्रवाह देणं) चालू आहे आणि क्वेरिअर, म्हणजे 'अजून गटात आहात का' असं अधूनमधून विचारणारा, कुणीच नाही, असं असेल तर प्रवाह छान सुरू होतो आणि चार-साडेचार मिनिटांनी गुपचूप मरतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये सदस्यत्वाची मुदत २६० सेकंद असते, म्हणून. चार मिनिटांच्या आत चाचणी आटोपून 'सगळं ठीक' असं कळवणारे मी पाहिलेत.

परतीचा मार्ग अगदीच नसतो असंही नाही. ईएमबीएमएसमध्ये फाइलीचा तुकडा राहिला तर फोन एचटीटीपीने तेवढाच मागू शकतो. पण लाख फोन एकदम मागायला आले तर सर्व्हर बसेल, म्हणून प्रत्येकाने ठरलेल्या अवधीत कुठलाही एक यादृच्छिक क्षण निवडून मगच मागायचं, असा नियम आहे. किती थांबायचं, हेही अर्थात आधीच प्रसारित केलेलं असतं.

वाचायला सुरुवात करायची तर ३जीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं २३.२४६ हे मानक आधी घ्या, त्यात हद्दी कळतात, मग २६.३४६, त्यात भाषा. उलट क्रमाने गेलात तर मी अडखळलो तिथेच अडखळाल.