‘आईला दहादा शिकवले, तरी ती विसरते’

आईवडिलांना स्मार्टफोन शिकवू पाहणाऱ्या मुलांकडून ही तक्रार मी सातत्याने ऐकत असते आणि तिच्यापाठोपाठ, जरा चाचरतच, खरा प्रश्न येतो: ही विस्मरणाच्या आजाराची सुरुवात तर नसेल ना? ठाण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीने साताऱ्यात एकट्या राहणाऱ्या आपल्या आईविषयी हेच विचारले होते. आईंना येथे सुमनताई म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. वय 72. वीजबिल, गॅसची नोंदणी, बँक हे सारे पतीच पाहत असत, आणि त्यांच्या निधनानंतर कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या खात्यासह ते सगळे एकदम सुमनताईंच्या अंगावर आले होते. मुलीने नवा फोन घेऊन दिला, प्रत्येक भेटीत शिकवणीही घेतली. पण मुलगी ठाण्याला परतली की फोन पुन्हा फक्त कॉल घेण्यापुरता उरत असे.

स्मरणशक्तीची शंका आधी दूर करणे आवश्यक होते. गल्लीतील बायकांची भिशी सुमनताईच सांभाळतात; कोणाचा हप्ता थकला आहे, पुढचा क्रमांक कोणाचा, हे त्यांनी वही न उघडता सांगितले. ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे, थोड्या वेळात तोच प्रश्न पुन्हा विचारणे, वर्षानुवर्षे हातात बसलेला हिशेब किंवा स्वयंपाक चुकू लागणे, अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करू नये. त्यांतील एकही येथे नव्हते. घाईने दाखवलेली आणि नंतर कधी न वापरलेली गोष्ट लक्षात न राहणे हे कोणत्याही वयात स्वाभाविक आहे.

मग मी त्यांना माझ्यासमोर फोन वापरायला सांगितले. जुन्या बटणांच्या फोनची सवय असल्यामुळे त्या पडद्यावर बोट जोर देऊन दाबून धरत होत्या. स्मार्टफोन अशा दाबण्याचा वेगळाच अर्थ लावतो: चित्र जागेवरून हलू लागते, भलतीच यादी उघडते. कधी त्या नखाने टोचत, तेव्हा काहीच होत नसे, कारण पडद्याला त्वचेचा स्पर्श लागतो. वयपरत्वे बोटे कोरडी पडली की तोही नीट लागत नाही. बोट किती वेळ टेकवल्यावर फोनने ते ‘दाबून धरणे’ समजावे, हा कालावधी सेटिंगमध्ये वाढवता येतो. आम्ही तो वाढवला, अक्षरे मोठी केली आणि फोनची भाषा मराठी केली. मुलगी एवढी वर्षे ज्याला आईचे विसरणे समजत होती, त्यातील बराच भाग या एका बोटाचा होता.

उरलेला भाग मात्र भीतीचा होता आणि तिचे कारण मुलीला ठाऊक असूनही तिने मला सांगितले नव्हते. ‘बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडली जाईल’ असा संदेश पाहून सुमनताईंनी एकदा त्यातील क्रमांकावर फोन केला होता आणि त्यांचे काही पैसे गेले होते. पैशांचे दुःख त्यांनी पचवले होते. पण मुलगा सर्वांसमक्ष ‘तुला कोणी हात लावायला सांगितलं होतं?’ असे म्हणाला, ते वाक्य त्यांनी मला जसेच्या तसे ऐकवले. त्यानंतर शिकवायला बसलेली मुलगी दुसऱ्याच मिनिटाला ‘थांब, मी करते’ म्हणत फोन ओढून घेई. माझ्या मते घराघरांतली ही शिकवणी फसते ती याच वाक्याशी, कारण त्यातून शिकणाऱ्याला ‘तुला जमणार नाही’ एवढेच ऐकू येते.

सुमनताईंची भीती निराधार नव्हती, म्हणून ‘घाबरू नका’ असे मी म्हटले नाही. त्याऐवजी त्यांच्या वहीत आम्ही दोन रकाने केले. पहिल्यात मागे घेता येणाऱ्या चुका: चुकीचे ॲप उघडणे, आवाज बंद होणे, फोटो पुसला जाणे (तो बहुतेक फोनांत काही दिवस कचरापेटीत राहतो). दुसऱ्या रकान्यात मोजकेच नोंदवले: पिन टाकून पाठवलेले पैसे, कोणाला सांगितलेला ओटीपी आणि अनोळखी माणसाने पाठवलेले ॲप फोनमध्ये उतरवून घेणे. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे त्यांनी स्वतः ठळक अक्षरांत लिहिले. शिवाय निवृत्तिवेतनाचे खाते यूपीआयला न जोडता दुसऱ्या खात्यात थोडी रक्कम ठेवून तेच जोडले, त्यामुळे चूक झालीच तरी नुकसानीला मर्यादा राहिली.

मुलीला मी एकच अट घातली होती: शिकवताना आईच्या फोनला हात लावायचा नाही. आईने तिला एक रुपया पाठवायचा, पिन टाकण्याआधी पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचायचे, मुलीने तो रुपया परत करायचा. वहीतील पायऱ्या आईच्याच शब्दांत असाव्यात, हेही ठरले. मध्ये एकदा फोन अपडेट झाला, चित्रांच्या जागा बदलल्या आणि सगळे विसरल्यासारखे झाले. तेव्हा ‘वरून दुसरे’ असे लिहिण्याऐवजी ॲपचे नाव लिहिण्याची सुधारणा सुमनताईंनीच केली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला त्यांनी ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सेवेतील चेहरा ओळखण्याच्या सोयीने घरबसल्या काढला. मुलगी व्हिडिओ कॉलऐवजी दुसऱ्या फोनवरून केवळ बोलत होती, आणि उजेड कमी पडतो म्हणून खिडकीशी जाण्याची युक्ती आईची होती.

मुलांशी मला आणखी एक बोलावे लागले. फसवणूक झालीच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर आणि बँकेला जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. परंतु बोलणी खाण्याच्या धास्तीने वडीलधारी माणसे चूक लपवतात आणि तो मोलाचा वेळ निघून जातो. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर धमकावतात ती ‘डिजिटल अटक’, असा कोणताही प्रकार कायद्यात नाही, तरीही ‘घरी कोणाला सांगू नका’ असे बजावणाऱ्या भामट्यांचे फावते, कारण घरी न सांगण्याची सवय आधीच लागलेली असते. म्हणून मुलाला मी फोनवरच विचारले, की आईने उद्या पुन्हा चूक केली तर तुमचे पहिले वाक्य कोणते असेल? तो बराच वेळ गप्प राहिला, मग त्याने 1930 हा क्रमांक लिहून घेतला आणि आईशी त्या जुन्या प्रसंगाबद्दल स्वतः बोलला.

सुमनताई आता वीजबिल आणि गॅस फोनवरून भागवतात, भिशीचे हप्तेही काही जणींकडून तसेच घेतात. नेटबँकिंग त्यांनी घेतलेले नाही आणि मीही आग्रह धरलेला नाही. मुदत ठेवीसाठी त्या शाखेतच जातात, त्यावर मुलीची थोडी कुरकुर अजून सुरू असते.