वाचकांचे प्रश्न : सर्वेतलं ‘हो’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मतदारांचा पुढाऱ्यांवरचा विश्वास हा माझ्या राज्यशास्त्रातल्या पीएच.डी.चा विषय आहे. हजार जणांचा सर्वे करायचा ठरलाय. मानवशास्त्रातल्या एक प्राध्यापिका म्हणतात, आधी क्षेत्रकार्य कर, म्हणजे लोकांमध्ये राहून, त्यांच्याशी बोलून पाहा. मार्गदर्शक म्हणतात, दहा माणसांशी बोलून काय सिद्ध होणार? कुणाचं ऐकू?

उत्तर : ‘किती जण’ हे दहा जणांवरून सांगता येत नाही, इथवर मार्गदर्शकांचं खरं आहे. हजारांचा यादृच्छिक नमुना (चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे लोक) घेतला तर साधारण ३ टक्के इकडेतिकडे धरतात. एकेका वस्तीतून वीस-वीस जण उचललेत तर मात्र शेजाऱ्यांची उत्तरं सारखी येतात आणि चूक वाढते. प्रबंधांत हे सर्रास विसरलं जातं.

पण विश्वासाच्या प्रश्नाला आलेलं ‘हो’ कसलं? पुढारी प्रामाणिक आहे म्हणून, तो अडीनडीला धावून येतो म्हणून, की तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून? तिन्ही एकाच रकान्यात पडतात. नमुना दहापट केला तरी ती वेगळी होत नाहीत.

म्हणून प्रश्नावली छापण्याआधी दहा-पंधरा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि लगेच विचारा, ‘यात काय विचारलंय असं वाटलं?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा. मग मोघम प्रश्न फोडा : वर्षभरात पुढाऱ्याकडे काम घेऊन गेलात का? कुणाच्या ओळखीनं? झालं का?

सर्वेनंतर पुन्हा जा. आकड्यांच्या अंदाजात चपखल बसणारं एक ठिकाण निवडा, साफ चुकलेलं एक. नुसतं चुकलेलं घेतलंत तर तिथे सापडलेलं कारण चारचौघांसारख्या ठिकाणीही आहे का, हे कळणार नाही. टिपणं त्याच दिवशी लिहा, ऐकलेलं आणि स्वतःचा तर्क वेगवेगळा ठेवून. मुक्काम पुढाऱ्याकडे नको. विरोधक तोंड उघडणार नाहीत.

जेम्स स्कॉट हे राज्यशास्त्रज्ञ १९७८ ते १९८० या काळात मलेशियातल्या केदाहमधल्या सत्तरेक कुटुंबांच्या भातशेतीच्या गावात राहिले. वरवर शांतता होती. कामात चालढकल, भुरट्या चोऱ्या, मालकामागे निंदानालस्ती असा गरिबांचा विरोध त्यांना दिसला तो राहिल्यामुळेच. मोर्चे आणि मतं मोजून तो हाती लागला नसता.

प्रश्न : उलट दिशेनं, म्हणजे राज्यशास्त्राकडून मानवशास्त्राला काही मिळतं का?

उत्तर : मिळतं, आणि मानवशास्त्राला त्याची गरज होती. इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञांनी तेव्हाच्या सुदानमधल्या नुएर या गुरं पाळणाऱ्या लोकांचा अभ्यास १९३० मध्ये सुरू केला. राजा नसतानाही घराण्यांच्या तोलावर तिथे व्यवस्था कशी टिकते, हे त्यांनी उत्तम दाखवलं. पण तिथल्या वसाहती सरकारनं नुएरांवर नुकतीच लष्करी कारवाई केली होती, आणि त्या मांडणीत हे सरकार जवळपास कडेलाच राहिलं, ही टीका पुढे झाली. टीका रास्त आहे. गावात राहणाऱ्यानं म्हणूनच पहिल्या आठवड्यात एक यादी करावी : कर कोण घेतं, जमिनीची नोंद कुठे होते, तंटा गावाबाहेर गेला तर कुणापुढे जातो, पोलीस कोण बोलावतं. पुढची निम्मी टिपणं या यादीशी ताडून पाहावी लागतात.