पत्र्याखालचं लाकूड आधी बघा

कॅनडातल्या विनिपेगहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४५, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. पत्नी नोकरी करते, मोठी मुलगी १५ वर्षांची, धाकटा मुलगा १० वर्षांचा. तलावाकाठच्या गिमली गावातल्या एका निवृत्त कोळ्याकडे बॉम्बार्डियर कंपनीची बी-१२ ही लाकडी बॉडीची जुनी हिमगाडी आहे आणि तो ती १४,००० डॉलरना द्यायला तयार आहे. दुरुस्तीचा अंदाज ३८,०००, म्हणजे एकूण ५२,०००. वाचकांचा बेत असा: ४०,००० आरआरएसपीतून, म्हणजे निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून काढायचे, उरलेले १२,००० घरावरच्या क्रेडिट लाइनमधून, म्हणजे घर तारण ठेवून मिळणाऱ्या कर्जातून. ते लिहितात, "ताई, अशा गाड्या आता कुणी बनवत नाही, किंमत वाढतच जाणार. ही गुंतवणूकच आहे. पण बायको म्हणते, मुलीचं शिक्षण आधी."

तुम्ही सोबत सहा फोटो पाठवलेत. आकड्यांआधी मी तेच बघत बसले, कारण माझे वडील कोल्हापुरात ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचे. आपली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला धावली, तिची बॉडीसुद्धा लाकडीच होती. त्याच काळात तिकडे क्यूबेकमध्ये जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डियर प्लायवुडच्या गाड्या बर्फावर पळवत होते. तेव्हा या गाडीत काय आहे, हे मला समजावून सांगायला नको. गोल खिडक्यांची ती रांग, पुढे दोन स्की, मागे इंजिन आणि रबरी पट्ट्यांवर पोलादी आडव्या पट्ट्या बसवलेले ते रुंद पट्टे. बारा माणसं घेऊन बर्फावरून जाणारी गाडी.

तिच्यामागची गोष्टही मला माहीत आहे. १९३४ च्या हिवाळ्यात बॉम्बार्डियर यांचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्यानं गेला. रस्ते बर्फानं बंद होते, त्याला दवाखान्यात नेताच आलं नाही. तीन वर्षांनी त्यांनी आपल्या पट्ट्याच्या आणि रबर लावलेल्या दातेरी चाकाच्या रचनेचं पेटंट घेतलं. पुढे या गाड्यांतून डॉक्टर फिरले, टपाल गेलं, मुलं शाळेत गेली. तुमच्या मुलाला तुम्ही हे सांगितलंत आणि तो दोन दिवस त्याच गाडीची चित्रं काढत होता, हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. म्हणून आधीच सांगते, ही गाडी घेऊ नका असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो पैसे कुठून आणायचे यावर आणि 'गुंतवणूक' या शब्दावर.

आधी तो शब्द.

गुंतवणूक म्हणायची तर तीन प्रश्नांना उत्तर हवं: विकायची वेळ आली तर कोण घेईल, किती दिवसांत घेईल आणि सगळा खर्च वजा जाता काय उरेल. घेणारे आहेत, पण मोजके. त्यांच्यातले बरेच जण स्वतः हातानं काम करणारे आहेत. अशा माणसाला दुरुस्त केलेली गाडी ५२,००० ला घेण्यापेक्षा मोडकी १०-१२ हजारांना घेऊन स्वतः उभी करण्यात जास्त रस असतो. तुम्हीही तेच करताय की. जाहिरातीत लिहिलेली किंमत आणि प्रत्यक्ष हातात पडलेली किंमत यांत फरक असतो, म्हणून लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या तीन-चार बी-१२ चे आकडे शोधा आणि त्यांत इंजिन मूळचं होतं की नंतर बदललेलं, तेही बघा. वर्षानुवर्षं कामाला जुंपलेल्या गाड्यांत इंजिनं सर्रास बदललेली असतात.

कराचा भागही तुमच्या बाजूचा नाही. कॅनडाच्या आयकर खात्याच्या नजरेत ही वैयक्तिक वापराची वस्तू आहे. नफ्यात विकली तर निम्मा नफा तुमच्या उत्पन्नात मिळवला जाईल. तोट्यात विकली तर तो तोटा तुम्हाला कुठेही वजा करता येणार नाही. क्रेडिट लाइनचं व्याजही वजा होणार नाही, कारण ते कर्ज उत्पन्न मिळवण्यासाठी घेतलेलं नसेल.

"हिवाळ्यात लोकांना फेऱ्या मारून थोडे पैसे सुटतील," असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तिकिटं लावून लोकांना बसवलंत की प्रवासी विमा आला, परवानगी आली आणि ७०-८० वर्षांच्या गाडीची जबाबदारी तुमच्या घरावर आली. अमेरिकेत यलोस्टोन पार्कमध्ये पिवळ्या बॉम्बार्डियर १९५५ पासून पर्यटकांना घेऊन फिरत होत्या. पर्यटक हौसेनं येत होते, तरीही धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत गेले तशा त्या मागे पडल्या. फेऱ्यांचं उत्पन्न हिशेबात शून्य धरा.

म्हणजे ही गाडी हा खर्च आहे. चांगला खर्च आहे, मुलांना आयुष्यभर आठवेल असा. पण खर्च म्हटला की तो कोणत्या खिशातून करायचा, याचे नियम बदलतात.

आता आरआरएसपी. हातात ४०,००० हवेत म्हणून ४०,००० काढून चालणार नाही. एका वेळी १५,००० हून जास्त काढलेत की बँक सगळ्या रकमेवर ३० टक्के कर आधीच कापून घेते. हातात ४०,००० पडायला तुम्हाला ५७,००० च्या थोडं वर काढावं लागेल. तुमच्या खात्यात ९६,००० आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त एका झटक्यात गेले. आणि ते ३० टक्केही आगाऊच. तुमच्या ९८,००० पगारावर ही रक्कम चढली की वरच्या टप्प्याचा कर लागेल, एप्रिलमध्ये रिटर्न भरताना आणखी पैसे द्यावे लागतील. शिवाय आरआरएसपीत पैसे भरायची तेवढी मर्यादा, म्हणजे ती जागा, कायमची जाते, पुन्हा भरता येत नाही. हेच ५७,००० वर्षाला ५ टक्क्यांनी वीस वर्षं वाढले असते तर तुमच्या पासष्टीला दीड लाखाच्या घरात गेले असते. कर त्यावरही लागला असता, पण निवृत्त माणसाच्या दरानं. तेव्हा आरआरएसपीला हात लावायचा नाही. या एका मुद्द्यावर मी अजिबात मागे हटणार नाही.

क्रेडिट लाइनही नको. तुमचं गृहकर्ज येत्या जूनमध्ये नव्यानं ठरायचंय. शिल्लक २,६८,०००, वीस वर्षं बाकी, आत्ताचा दर १.९ टक्के. हा दर आता मिळणार नाही. ४.३ टक्के धरून मी हिशेब केला, हप्ता महिन्याला साधारण ३२० डॉलरनी वाढतो. तुमची महिन्याची शिल्लक ११०० वरून ७८० वर येते. त्यात क्रेडिट लाइनचा हप्ता घातलात तर पुढच्या वर्षी या गाडीचा राग यायला लागेल, आणि तसं व्हायला नको.

वहिनींचा मुद्दा मुलीच्या शिक्षणाचा. त्यांच्याकडे आकडा आहे आणि तो भक्कम आहे. मुलीच्या आरईएसपीत, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, तुम्ही दोन वर्षं काहीच भरलेलं नाही. दर वर्षी भरलेल्या पहिल्या २,५०० वर सरकार २० टक्के, म्हणजे ५०० डॉलर देतं. राहून गेलेलं अनुदान एका वेळी एका वर्षाचं भरून काढता येतं. या वर्षी ५,००० भरलेत तर १,००० मिळतील, पुढच्या वर्षी तसेच. ती १७ वर्षांची होईल ते वर्ष संपलं की हे दार बंद. पहिल्याच दिवशी २० टक्के देणारी जागा घरात असताना बाहेर शोधायची गरज नाही. हे पैसे आधी, गाडी नंतर. वहिनी बरोबर आहेत.

मग गाडी कशी घ्यायची? टीएफएसएतून, म्हणजे पैसे काढताना कर लागत नाही अशा बचत खात्यातून. तिथे ३१,००० आहेत. १४,००० काढलेत तर १७,००० उरतात. घरखर्च महिना ५,८००, म्हणजे तीन महिन्यांना थोडे कमी. काठावर आहे, पण दोघांच्या नोकऱ्या आहेत, चालेल. त्याखाली मात्र जायचं नाही. व्यवहार ठरलाच तर पैसे ३१ डिसेंबरच्या आत काढा. टीएफएसएतून काढलेल्या रकमेइतकी जागा पुढच्या १ जानेवारीला परत मिळते. जानेवारीत काढलेत तर त्यासाठी वर्षभर थांबावं लागेल.

दुरुस्ती महिन्याच्या शिल्लकीतून आणि बोनसमधून. ७८० मधून मुलीच्या आरईएसपीचे महिना ४२० गेले की ३६० उरतात, वर्षाचे ४,३०० झाले. कर जाऊन ६,००० बोनस येतो असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वर्षाला साधारण १०,३००. या वेगानं ३८,००० चं काम पावणेचार वर्षं चालेल. चार हिवाळे. दोन वर्षांनी मुलीचं अनुदान संपलं की थोडं लवकर. इंजिनचं काम तुम्ही स्वतः करणार असाल तर आणखी लवकर. तुम्हाला येत्या हिवाळ्यात गाडी बर्फावर हवी होती, ते होणार नाही. मला वाईट वाटतं, पण याहून वेगवान रस्ता मला दिसत नाही.

आणि हे सगळं ३८,००० हा आकडा खरा असेल तरच. मला तो खरा वाटत नाही.

चौथा फोटो मोठा करून बघा. तिसऱ्या गोल खिडकीखाली, बॉडी जिथे गाडीच्या तळाच्या फळीला मिळते, तिथे हातभर लांबीचा पत्रा ठोकलाय. स्क्रू अगदी जवळजवळ, वरून त्याच रंगाचा हात मारलेला. पत्रा कुणी हौसेनं मारत नाही. आतलं लाकूड सुटलं म्हणून मारतात. या गाडीनं विनिपेग तलावावर जाळी आणि मासे ओढलेत. ओला बर्फ, माशांचं पाणी, सगळं खाली साचून त्याच कोपऱ्यात जातं. प्लायवुड एकदा पाणी प्यायलं की पापुद्रे सुटतात आणि ओल आतल्या आत वर चढत जाते. बाहेरून रंग छान दिसतो.

वडील पटाशीची मूठ घेऊन बॉडीवर ठोकत जायचे, वीतभर अंतरानं. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजकं बद्द वाजतं. जिथे बद्द वाजलं तिथे खडूची खूण. मग टोचा दाबायचे. आत शिरला तर त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना हात-हातभर लाकूड बदलायचं, असा त्यांचा हिशेब होता. गिऱ्हाईकाला किंमत ते फळ्या उघडल्यावरच सांगायचे. तुमच्या सुतारानं लाकूडकामाचा १६,००० चा अंदाज फोटो बघून दिलाय. ते लाकूड उघडून बघितल्यावर याच्या दुप्पटही होऊ शकतं.

शिवाय ३८,००० मध्ये काही गोष्टी धरलेल्याच नाहीत. गिमलीहून विनिपेग, नव्वदेक किलोमीटर, ट्रेलरवर आणण्याचं भाडं. रबरी पट्टे, कारण फोटोत डाव्या पट्ट्याला भेगा आहेत. आणि जागा. तुमचं गॅरेज तापवलेलं नाही. लाकूड जोडायचा इपॉक्सी गोंद थंडीत धरत नाही, आणि उणे २५ मध्ये हातही चालत नाहीत. म्हणजे एकतर लाकडाचं काम उन्हाळ्यात, नाहीतर तापवलेली जागा भाड्यानं. उन्हाळ्यात करा. चार हिवाळ्यांच्या बेतात ते आपोआप बसतं: उन्हाळ्यात लाकूड, हिवाळ्यात इंजिन. गाडी दारात उभी राहायच्या आधी विमा एजंटला फोन करून विचारा, घराच्या पॉलिसीत ती येते का. बहुतेक येणार नाही.

म्हणून पुढचं पाऊल एकच. पैसे देण्याआधी लाकडी होड्या दुरुस्त करणारा एक माणूस दिवसभरासाठी घेऊन गिमलीला जा. तलावाकाठचं गाव आहे, असा माणूस मिळेल. तो विक्रेत्याच्या ओळखीचा नको. दिवसाचे चारशे-पाचशे डॉलर जातील, ते द्या. मालकाला आधी विचारून तो पत्रा उघडून घ्या. नकार मिळाला तर १४,००० ही किंमत तिथेच संपली, ८,००० च्या पुढे बोलू नका. पत्र्याखाली फक्त तेवढंच लाकूड गेलेलं असेल आणि चौकट टणक असेल, तर १२,००० सांगा आणि १४,००० पर्यंत जायला हरकत नाही. चौकटच गेली असेल तर ही गाडी सोडा. दुसरी मिळेल. त्या तलावांवर मासेमारी करणाऱ्यांच्या शेडमध्ये अशा गाड्या अजून उभ्या आहेत, काही तर अजून बर्फावर चालतात.

जाताना वहिनींनाही न्या, आणि मुलालाही. वहिनींना आकड्यांचा हा कागद आधी वाचायला द्या. मुलीच्या आरईएसपीचे पहिले ५,००० गाडीच्या आधी भरले जातील, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे, माझ्या पत्रातून नको.

आणि पत्रा उघडलात की त्याखालचा फोटो मला पाठवा. वडील आता ८१ वर्षांचे आहेत. मी त्यांना तुमचे फोटो दाखवले तेव्हा त्यांनीही पहिलं बोट त्याच जागी ठेवलं.