गाभण मांजरी घरात शिरलीय, काय करू?

प्रश्न: ताई, आमच्या जुळे सोलापूरच्या घरात माळ्यावर रानटी मांजरी येऊन बसलीय, पोट खाली आलंय, जवळ गेलं की फिस्कारते.

उत्तर: पकडायला अजिबात जाऊ नका. खोक्यात जुनी सोलापुरी चादर घालून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, आत्ताच्या उन्हात पत्र्याखाली नको, पाण्याचं भांडं सतत भरलेलं हवं. दूध नको, जुलाब होतात, पिल्लांचं कॅटफूड नाहीतर बिनमिठाचं उकडलेलं चिकन द्या, गाभणीला भूक जास्त असते. साधारण 63 ते 65 दिवसांत विते. जोरात कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही तर लगेच डॉक्टरांना फोन. पिल्लांना उगाच हात लावू नका हो, घाबरून ती दुसरीकडे हलवते. चावली तर जखम साबणाने 15 मिनिटं धुवून रेबीजची लस घ्याच. पिल्लांनी दूध सोडलं की तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या.